पानाच्या डोक्यावरची तारीख

'यशस्वी' हा शब्द हिरव्या रंगात दिसला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या आगीतला निम्मा जाळ माझ्या स्वतःच्या मूर्खपणाचा आहे, हे आधीच कबूल करतो. उरलेल्या निम्म्याला मात्र मी माफ करणार नाही.

सारोळ्याला नीरेच्या काठी आमची शेती आहे. माझे चुलते, नाना, ती करतात. मी भोरला एका क्लासात कॉम्प्युटर शिकवतो आणि नानांना न मागता सल्ले देतो. नदीत ज्यांच्या मोटरी आहेत त्यांच्या लेखी एकच बातमी महत्त्वाची: वरच्या धरणातून पाणी कधी सुटणार. ती वेळेत कळली तर चार माणसं दोर लावून मोटर काठावर ओढून घेतात. नाही कळली तर मोटर गेली. आभाळाकडं बघून काही कळत नाही, कारण तिकडं धरणाजवळ हिर्डोशीत पाऊस कोसळत असतो तेव्हा इकडं आमच्या अंगणात कपडे वाळत असतात.

वर्षानुवर्षं ही बातमी पुलाजवळच्या चहाच्या हॉटेलातून निघायची. हॉटेल आबांचं. त्यांचे एक सोयरे हिर्डोशीला राहतात. ते आबांना फोन करायचे आणि आबा एका हातानं चहा ढवळत काठावरच्या एकेकाला. ही पद्धत मला मागासलेली वाटली. तिच्यात एकच दोष होता, तिला माझी गरज नव्हती.

म्हणून मी ॲप काढलं. धरणाच्या कार्यालयाचं इंटरनेटवर एक पान असतं, किती पाणी सोडलं ते त्यावर लिहितात. ते पान सारखं वाचायचं, त्यातला आकडा खरवडून आणायचा आणि ॲपमध्ये दाखवायचा, एवढंच काम. ते मला स्वतःला नीट येत नव्हतं (क्लासातल्या मुलांना कृपया सांगू नये). मग एका परदेशी कंपनीचा तयार कनेक्टर ॲपला जोडला. हा मधला गडी पानाकडं जाणार, हवं ते उचलणार आणि माझ्या हातात देणार. जोडायला दहा मिनिटं लागली. पुढचे चार दिवस मी सजावटीत घातले. आकडा ठेवला, बाकीचा पसारा काढून टाकला आणि खाली झोकात लिहिलं, 'शेवटची माहिती: आत्ता'.

गावानं नारळ आणि टॉवेल देऊन सत्कार केला. मी आबांना म्हणालो, "आबा, आता तुम्ही निवांत नुसता चहा करा."

"व्हय साहेब," आबा म्हणाले. साहेब म्हणाले तेव्हाच मला कळायला हवं होतं.

श्रावण सरत आला होता. नानांचा घेवडा फुलावर आलेला, आमच्याकडं पावसाचा टिपूस नाही, त्यामुळं मोटर नदीत. एका सकाळी मी शिकवत असताना नानांचा फोन आला.

"आबा म्हंतोय पानी सुटलंय. तुझा मोबाईल म्हंतोय न्हाई सुटलं. काय करू?"

समोर वीस मुलं कान टवकारून बसलेली. मी ॲप उघडलं. सोडलेलं पाणी, शून्य. शेवटची माहिती, आत्ता. तिकडं कनेक्टरच्या खात्यात हिरवं 'यशस्वी'.

"नाना, आबांना सांगतो हिर्डोशीचा पाहुणा. मला सांगतं खुद्द धरणाचं कार्यालय. कुणाचं ऐकायचं?"

"बरं. तू म्हंतोस तर ऱ्हाऊ दे."

बाकीच्यांनी आबांचं ऐकलं आणि मोटरी वर ओढल्या. दुपारी नदी चढली. काठावर एकट्या नानांची मोटर बुडाली, कारण त्यांचा एकट्याचाच पुतण्या शिकलेला होता.

संध्याकाळी मी धरणाचं पान स्वतः उघडून पाहिलं. तिथं सकाळीच, अगदी वेळेवर, सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. मग हा कनेक्टर मला काय देत होता? आदल्या दिवशीचं पान! एकदा आणलेलं पान जपून ठेवायचं आणि चोवीस तास तेच वाढत राहायचं, ही 'सोय' कंपनीनं सेटिंगमधल्या एका मिटलेल्या रकान्यात, मला न विचारता, आधीपासूनच चालू ठेवली होती. शिळा भात गरम ताटलीत वाढायचा आणि वर ढेकर आपणच द्यायचा! मी कंपनीला संतापून लिहिलं. मराठीतून उत्तर आलं, तेही कुठल्या तरी यंत्रानंच पाडलेलं: 'आपल्या सर्व विनंत्या यशस्वी झाल्याचे आढळले. आपला दिवस आनंदात जावो.'

आनंदात! मोटर गाळात, आणि म्हणे दिवस आनंदात जावो!

दुसऱ्या दिवशी हॉटेलात मी हे उत्तर सगळ्यांना हातवारे करून वाचून दाखवत होतो. नाना माझी बाजू घेत होते. "कंपनीनं फशिवलं वं पोराला," असं येईल त्याला सांगत होते. लोकही चुकचुकत होते. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

आबांनी चहा गाळता गाळता विचारलं, "त्या पानावर तारीख-येळ न्हाई लिवत का वं? एसटीच्या तिकिटावर बी आसती."

मी मोबाईल खाली ठेवला.

"लिहितात," मी म्हणालो. "अगदी डोक्यावर असते."

"मग?"

"मी काढून टाकली. पान गजबजलेलं दिसत होतं."

नानांनी माझ्याकडं पाहिलं. "म्हंजी शिळं हाय ते कळलं आसतं?"

"हो."

"आन तितं तू 'आत्ता' लिवलंस."

"हो नाना."

त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला. "कंपनी परकी हाय रं. तिला माझी मोटर कुठं ठावं? तुला ठावं हुती." एवढं बोलून ते निघून गेले. त्यांनी शिवी दिली असती तर मी आनंदानं खाल्ली असती.

पाणी उतरल्यावर आम्ही मोटर गाळातून काढली. भोरला तिची वायंडिंग नव्यानं भरून होईपर्यंत नदी दुथडी वाहत होती आणि काठावर नानांचा घेवडा पाण्यावाचून फुलं टाकत होता. मी रोज ते पाहायला जात होतो. रोज कंपनीला एक पत्र लिहीत होतो: निदान तो 'यशस्वी' शब्द तरी काढा, शिळं देता तर शिळं म्हणा! रोज माझा दिवस आनंदात जावो.

कनेक्टर मी उपटून टाकला. दोन महिने खपून पान वाचायचं काम स्वतः शिकलो. आता ॲपमध्ये पानावरची तारीख आणि वेळ आकड्यापेक्षा मोठ्या अक्षरात दिसते. ते नानांना दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून तारीख वाचली.

"ही येळ पानावरची, का तुझी?"

"पानावरची."

"झ्याक केलंस," नाना म्हणाले, आणि खात्रीसाठी त्यांनी आबांना फोन लावला.