खोडू नकोस, पोरी

कॉलेजात तिला सगळे बरणीमावशी म्हणत. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती सव्वीस वर्षं मदतनीस होती. बरण्यांत काय, तर डुकराची न जन्मलेली पिल्लं, कत्तलखान्यातून आलेली, औषधात बुडवलेली. पहिल्याच दिवशी तिला भडभडून ओकारी आली होती. नवरा म्हणाला, "सोड ती नोकरी." ही म्हणाली, "तू सोड तुझी." झालं, विषय संपला.

शिक्षण सातवीपर्यंत. पण पिल्लू ट्रेमध्ये उताणं ठेवून, पाय दोरीनं बांधून ती मुलांना असं काही सांगायची की ऐकत राहावं. "त्याचं उजवं ते तुमच्या डाव्या हाताला, विसरलात की मेलात! हृदय आपल्यासारखंच, चार कप्प्यांचं. म्हणून लगेच भाऊबंद समजू नका. आपल्या उजव्या फुप्फुसाला तीन भाग, याला चार. अपेंडिक्स तर नाहीच बिचाऱ्याला, ऑपरेशनची कटकटच मिटली. पुस्तक नंतर, आधी पोटात बघा."

नवे विभागप्रमुख आले आणि त्यांना हे झोंबलं. "मावशी, तुम्ही बरण्या धुवा. शिकवायला आम्ही आहोत. पुन्हा तोंड उघडलंत तर तळघरात पाठवीन, फायली लावायला."

तिचा जीव होता त्या खोलीवर. महिनाभर तिनं ओठ शिवून घेतले. काय यातना झाल्या असतील, बोलक्या माणसालाच कळेल.

मग प्रात्यक्षिक परीक्षा आली. विभागप्रमुखांनी एका पिल्लाच्या छातीत टाचणी खोचली: हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या कमानीवर. प्रश्न, या कमानीतून थेट फांद्या किती निघतात? मुलं पटापट 'तीन' लिहून पुढं सरकली. माणसात तीनच असतात, पुस्तकात तसंच चित्र. एक मुलगी मात्र वाकली, चिमट्यानं नस उचलून बघितली आणि तिनं लिहिलं, 'दोन'.

विभागप्रमुखांनी कागदावर बोट ठेवलं. "हे काय? वर्षभर झोपा काढल्या का? अजून एक संधी देतो, दुरुस्त कर."

मुलीचे डोळे भरले. तिनं पेन उचललं.

मावशी कोपऱ्यात ट्रे पुसत होती. तळघर डोळ्यांपुढं आलं, तिथला कुबट वास आला. आणि तिचं डोकं फिरलं.

"खोडू नकोस, पोरी!"

सगळा वर्ग वळला. विभागप्रमुख लालबुंद. "मावशी, बाहेर व्हा!"

"होते की. आधी मोजा, सर. मोठ्यानं मोजा, पोरांनाही ऐकू द्या."

बाहेरून आलेले वयस्कर परीक्षक चष्मा सावरत पुढं झाले. "मोजू या ना, काय बिघडतं?"

विभागप्रमुखांचा नाइलाज झाला. "एक... दोन..." चिमटा थोडा पुढं सरकला. "तीन."

"ती कुठनं निघाली?" मावशी कमरेवर हात ठेवून उभी. "कमानीतून? का पहिल्या फांदीला फुटली?"

विभागप्रमुखांनी ती फांदी चिमट्यानं मुळापर्यंत शोधत नेली; ती पहिल्या फांदीतूनच फुटली होती.

"दोनच," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी मुलीच्या कागदावर बरोबरची खूण केली. "डुकरात दोनच असतात. माझ्याही लक्षात नव्हतं."

विभागप्रमुखांनी घसा खाकरला. "ते ठीक आहे. पण सांगितलं ते सांगितलं. उद्यापासून तुम्ही तळघरात."

मावशीनं हातमोजे काढले, ॲप्रन काढून खुंटीला लावला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण निमूट पडून राहायला ती काही त्यांच्या ट्रेमधलं पिल्लू नव्हती.

"जाते," ती म्हणाली आणि आपला चिमटा त्यांच्या हातात ठेवला. "आता पोरांना मोजायला तुम्ही शिकवा. आज शिकलात तसं."