डाव्या डोळ्याचा खरा फोटो

आमचा सत्यजीत तुम्हाला रस्त्यात भेटला आणि त्यानं ओळख दिली नाही, तर पोरगं माजलं म्हणून शिव्या घालू नका. त्याला तुम्ही दिसलेलेच नसता. हे मी आता खुशाल सांगते. मागं हेच वाक्य बोलायला आमच्या घरात कुणाची जीभ रेटली नसती.

मी सुलक्षणा, त्याची थोरली बहीण. मला यवतला दिलीय, माहेर तळेगाव ढमढेऱ्याच्या पलीकडं. सत्यजीत तिथं वांगी, फ्लॉवर करतो आणि पिकअपमधून मार्केटला नेतो. पण गावात त्याला ओळखतात ते झेंड्यासाठी. आमच्या यात्रेत चढाच्या घाटावर बैलगाडे पळतात, एकेका गाड्याच्या पळण्याला बारी म्हणतात. घाटाच्या वरच्या टोकाला चुन्याची रेघ मारलेली असते. पुढच्या बैलाचा पाय रेघेवर पडला की झेंडेवाल्यानं झेंडा खाली टाकायचा, आणि झेंडा पडला की घड्याळ बंद. नंबर त्याच्यावर ठरतो. बाकीच्या घाटांत मशिनी आल्या म्हणे, आमचं गाव अजून माणसाच्या नजरेवर चालतं. आधी तो झेंडा आमच्या आप्पांकडं, म्हणजे वडील साहेबरावांकडं होता. गुडघे गेले तसा त्यांनी तो भर घाटात सत्याच्या हातात दिला. त्या दोघांच्या निशाणावर आजवर कुणी ब्र काढला नव्हता. आमच्या घराला मिरवायला तेवढंच होतं बाई.

आणि नेमके ह्याचेच डोळे बिघडावेत! शिक्रापूरच्या चौकात समोरच्या ट्रकचे दिवे फाकायला लागले, एकाचे तीन दिसायला लागले. चष्म्याचा नंबर सारखा बदलायचा आणि नव्या चष्म्यातूनही धड दिसायचं नाही. त्यात डोळे चोळायची खोड. जेवताना चोळ, बोलताना चोळ. मी हातावर चापट मारायची, तर म्हणायचा, "आक्का, धुरळा गेलाय गं." शेवटी मीच त्याला धरून पुण्याला दवाखान्यात नेलं.

तिथं एक मशीन आहे. हनुवटी टेकवायची, आतल्या उजेडाकडं बघायचं, की बुबुळाचा रंगीत नकाशा निघतो. निळं-हिरवं म्हणजे सपाट, लाल म्हणजे फुगलेलं. सत्याच्या उजव्या डोळ्यात खालच्या अंगाला लाल डाग होता, डाव्यात पिवळसर. डॉक्टर मॅडमनी समजावलं, की बुबुळावरचा काचेसारखा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढं येतोय. ह्याला केरॅटोकोनस म्हणतात. "पण एका फोटोवरून तो वाढतोय का थांबलाय, हे कळत नाही. पुढचा फोटो ह्याच्याशी ताडून बघायचा. फुगवटा वाढला, जाडी घटली, तर औषध घालून किरणांची ट्रीटमेंट करू. आहे तिथं थांबतो. गेलेलं मात्र परत येत नाही, म्हणून वेळेत कळलं पाहिजे."

तोवर दिसावं म्हणून त्याला कडक लेन्स दिल्या. त्या घातल्या की पठ्ठ्याला कणसावरची मुंगी दिसायची. पण अट एक होती. फोटोच्या आधी पंधरा दिवस लेन्स काढून ठेवायच्या. लेन्सनं पडदा दाबला जातो, आणि दाबलेल्या पडद्याचा फोटो खोटा येतो. हे मॅडमनी दोनदा सांगितलं. मी शेजारीच बसले होते.

पुढचा फोटो होता यात्रेच्या दुसऱ्या दिवशी. यात्रेत सत्यानं झेंडा धरला, एक बारी चुकवली नाही. दवाखान्यात शितल नावाची मुलगी मशीन चालवते. तिनं विचारलं, "लेन्स कधीपासून काढल्यात?"

"पंधरा दिवस झाले," सत्या म्हणाला.

मला वाटलं, लेन्सशिवायसुद्धा ह्याला रेघ दिसली, म्हणजे पोराचा डोळा सुधारला! माहेरचं माणूस म्हटलं की अक्कल अशी गहाण पडते. फोटो ताडून मॅडम म्हणाल्या, जाडी जराशी कमी वाटते, पण फुगवटा वाढलेला नाही, वर्षानं या. मी अर्धा किलो पेढे घेतले आणि एसटीत शेजारच्या बाईलासुद्धा एक दिला. सत्यानं हातातला पेढा तळेगावपर्यंत तसाच धरून ठेवला. मी म्हटलं, आनंद झाला असेल.

वर्षभरात उजवी लेन्स डोळ्यात बसेना. घातली की टोचायची, डोळा लाल व्हायचा, मग वाफ्यात कुठंतरी निसटून पडायची. यात्रा पुन्हा तोंडावर आली होती. ह्या खेपेला आप्पाही आमच्याबरोबर दवाखान्यात आले. उजवा नकाशा निघाला तो मधोमध लालभडक. मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी लावले.

मग म्हणाल्या, "गेल्या वर्षी थांबलेला होता. एवढी उडी? पडदा इतका पातळ झालाय, की ह्या डोळ्यावर किरणांची ट्रीटमेंट जमणार नाही. पुढंमागं बुबुळच बदलावं लागेल."

आप्पांचा पारा चढला. त्यांनी शितलवर तोफ डागली. "तू काढला न्हवं तो फोटू? मशीन नीट चालवाया येत न्हाई आन् लोकांचं डोळं घालिवता व्हय? माझ्या पोराच्या डोळ्याचं वाटुळं केलंस!" बाहेर बसलेली माणसं दारात येऊन बघायला लागली. मॅडमनीही तिला विचारलं, तू पेशंटला लेन्सचं विचारलं होतंस ना? ती पोरगी रडवेली झाली. म्हणाली, "विचारलं होतं मॅडम. पण काय माहीत, माझंच काही चुकलं असेल."

सत्या खुर्चीत खाली मान घालून बसला होता. कानाच्या पाळ्या लालबुंद. त्याच्याकडं बघितलं आणि मला लख्ख कळलं. अगं बाई गं, ह्यानं काढल्याच नव्हत्या!

"तिचं काय बी चुकलं न्हाई," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. गेल्या साली आदल्या सांजपर्यंत लेन्स डोळ्यातच हुत्या, औंदा बी डावी कालच काढलीय. त्या काढल्या आसत्या तर रेघ दिसली नसती. आन् मला दिसत न्हाई म्हणून झेंडा माघारी कसा द्यायचा, आप्पा?"

आप्पा एवढा ताठ माणूस, पण त्या पोरीकडं वर बघवेना त्यांना. शेवटी भिंतीकडं बघत म्हणाले, "पोरी, मी म्हातारा चुकलो." मला तर तिथून पळून जावंसं वाटत होतं. शरमेनं जीव अर्धा झाला होता.

मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "उजव्याचं जे व्हायचं ते झालं. डाव्याचं खरं काय, मला अजून माहीत नाही, कारण कालपर्यंत त्यात लेन्स होती. आजपासून बाहेर. पंधरा दिवसांनी या."

आप्पा चाचरत म्हणाले, "मधी यात्रा हाय. ती उरकून..."

"न्हाई आप्पा," सत्या म्हणाला. "आत्ताच."

घरी आल्यावर आप्पांनी दुसरा मार्ग काढला. सत्याची कंबर धरली म्हणून सांगू, झेंडा गुपचूप कोंडिबाच्या घरी पोचवू. कोंडिबा आमचा भावकीतला, नजरेचा पक्का. आप्पांची भीती खोटी नव्हती. डोळ्यांचं कळलं असतं तर लोकांनी मागच्या सगळ्या बाऱ्यांवर बोट ठेवलं असतं. पण आमच्याकडं झेंडा घरपोच देत नाहीत. पहिली बारी सुटायच्या आधी, नारळ फोडून, सगळ्यांसमोर हातातून हातात द्यायचा, ही रीत. सत्या म्हणाला, रीतीनंच देणार.

यात्रेच्या दिवशी भंडारा उधळला, नारळ फुटला. माझा भाऊ झेंडा घेऊन चुन्याच्या रेघेवर उभा राहिला. समोर फेटेवाल्यांची रांग, त्यात कोंडिबा. सत्या चार पावलं पुढं गेला आणि त्यानं झेंडा धरला तो रखमाजीपुढं. रखमाजीचा स्वतःचा गाडा शर्यतीत होता! सगळा घाट हसला. कुणीतरी ओरडलं, "आरं, सकाळीच घेतली का काय?" सत्याला कळलं, की चुकलं. पण कोंडिबा कुठं उभा आहे ते दिसेना. तो झेंडा धरून नुसताच वळत राहिला, आधी डावीकडं, मग उजवीकडं. बायांच्या घोळक्यात मी पदर तोंडात कोंबून उभी होते.

मग तो मोठ्यानं बोलला. "मला दिसत न्हाई. बुबुळाचा आजार हाय. गेल्या साली लेन्स लावून झेंडा टाकला, तवा दिसत हुतं. औंदा न्हाई."

"कशावरून दिसत हुतं?" मागून एकजण बोललाच. त्यावर कुणी हसलं नाही. कुणी त्याला गप्पही केलं नाही.

आप्पा खुर्चीतून उठले. लंगडत लंगडत आले, सत्याचं मनगट धरलं आणि कोंडिबाकडं वळवलं. झेंडा कोंडिबाच्या हातात गेला. पहिली बारी सुटली, भिर्रर्र झालं, आणि लोक आम्हाला विसरले. आम्ही तिघं शेताच्या वाटेनं घरी आलो.

डाव्या डोळ्याचं आधी सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पंधरा दिवसांनी फोटो काढला, तर शंकू थोडा वाढला होता, पण जाडी शिल्लक होती. त्याच आठवड्यात ट्रीटमेंट झाली आणि तो डोळा आहे तिथं थांबला. पण मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त आठवतं ते फोटोच्या आधीचं.

सत्या मशीनसमोर बसला. शितलनं त्याच्याकडं न बघताच हळू आवाजात विचारलं, "लेन्स कधीपासून काढल्यात?"

सत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. ह्याच खुर्चीत बसून तो खोटं बोलला होता, आता कुठल्या तोंडानं सांगणार? आप्पा दाराशी उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"पंधरा दिस झालं, लिवा बाई," ते म्हणाले. "सगळ्या गावानं बघितलंय."