देव्हाऱ्यातली किल्ली

माझी थोरली बहीण सरोजाअक्का तंजावूरच्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजचा सर्व्हर सांभाळायची. वेबसाइट रेंगाळली की तिनेच बघायचं, बाहेरून कोणी घुसायला बघितलं तरी तिनेच अडवायचं.

दोन हजार एक साली आयुधपूजेला प्रिन्सिपलसाहेबांनी सगळी यंत्रं बंद करायला सांगितली. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्या त्याच्या कामाची हत्यारं पूजेला मांडतात आणि विजयादशमीपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. अक्का म्हणाली, "सर, सर्व्हर तेवढा चालू राहू दे. परगावची मुलं त्यावर निकाल बघतात."

ती घरी गेल्यावर साहेबांनी सरळ सर्व्हरची वायर उपटली, वर त्याच्या पंख्याच्या जाळीवर चंदनाचं पाणी शिंपडलं. विजयादशमीला सर्व्हर उठलाच नाही. आणि दोष कोणाचा? अक्काचा. म्हणे, तिने पूजेला नाट लावली. सगळं पुन्हा उभं करेपर्यंत तिला जेवणाची शुद्ध नव्हती, आणि कॉलेजातले हे लोक प्रसादाचं सुंडल, म्हणजे उकडून फोडणी दिलेले हरभरे, खात तिलाच भक्ती शिकवत होते. आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पुढच्या आयुधपूजेला अक्काने सर्व्हर चालूच ठेवला, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली घरी आणून, हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवली. संध्याकाळी प्रिन्सिपल स्वतः किल्ली मागायला दारात उभे.

"माझं हत्यार तेच, सर," अक्का म्हणाली. "पूजेला मांडलंय. विजयादशमीपर्यंत हात कसा लावू?"