हिला विचारून सांगतो

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. बंद पडलेल्या लिफ्टच्या टपावर उभं राहून अंधारात बिनधास्त ग्रीस लावणारा हा माणूस, पण चहात साखर किती हवी हे त्याला सांगता येत नसे. कुणी काहीही विचारलं की एकच ठरलेलं उत्तर, "हिला विचारून सांगतो." रजा कधी घेणार, बूट कोणत्या रंगाचे, मुक्कामाला राहणार की परतणार, सगळ्याला हेच. कंपनीत त्यांचं नावच 'विचारून सांगतो' पडलं होतं आणि दाजी त्या हाकेला बिनतक्रार ओ द्यायचे. मला मनस्वी राग यायचा. देवाने डोकं काय नुसतं केस विंचरायला दिलंय? ताईला मात्र कधी राग आला नाही. ती म्हणायची, "अगं, दिवसभर लोकांना वर-खाली न्यायचं बघतात बिचारे. घरी तरी एका जागी राहू दे की त्यांना."

त्यांच्याकडे ज्या इमारतींच्या लिफ्ट होत्या, त्यांतल्या एकीच्या तळमजल्यावर जपानी पद्धतीचं एक छोटं हॉटेल होतं. कोंबडीचे तुकडे बांबूच्या काड्यांत ओवून कोळशावर भाजायचे, एवढंच तिथं मिळायचं. त्या शेगडीचा धूर लिफ्टच्या शाफ्टमध्ये शिरायचा आणि दाजींच्या कपड्यांत बसून घरी यायचा. शर्ट धुवायला टाकण्याआधी ताई तो नाकाशी धरायची. "आज कातडी भाजली वाटतं," असं म्हणायची, नाहीतर "आज कांद्याची पात दिसतेय." कित्येक वर्षं तिने ते हॉटेल असं नुसत्या वासावर खाल्लं. मग एकदा तिनेच फोन करून दोन जागा धरल्या. जागा मोजक्या, त्यामुळे नंबर लागायला महिनोन् महिने थांबावं लागे. दाजींना म्हणाली, "आता मला विचारू नका, ठरलंय."

तारीख यायच्या आधीच ती गेली. इस्त्री करता करता खाली बसली आणि उठलीच नाही. ब्लडप्रेशरने घात केला. इस्त्रीखालचं कापड जळायला लागलं तेव्हा त्या वासाने दाजी आतून धावत आले.

त्यानंतर दाजींनी अन्न सोडल्यात जमा होतं. मी दिलेला डबा जसाच्या तसा परत यायचा. गालफडं बसली, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर हे अंथरूण धरतील, आणि मग उठवणं आपल्या हातात नाही. मी ओरडले, रडले, नको नको ते बोलले. त्यांचं आपलं एकच, "भूक लागली की जेवेन." ती काही लागत नव्हती. एक बहीण गेली होती, आता तिचा संसार माझ्या डोळ्यांदेखत पुसला जात होता आणि मी डबे घासत बसले होते. अशात एक दिवस दाजी माझ्या दारात उभे राहिले. "त्या दोन जागा आहेत अजून," ते म्हणाले. "येशील?"

मी हातातलं काम टाकून निघाले. म्हटलं, खातील तरी.

आत एक लांबट लाकडी काउंटर होतं, त्याच्या पलीकडे शेगडी आणि कपाळाला फडकं बांधलेला घामाघूम आचारी. एका हाताने तो कोळशावर पंखा मारत होता, दुसऱ्याने काड्या फिरवत होता. मी पाणी मागितलं तसा तो हसला.

"फोनवर तुम्हीच बोलला होतात ना? आवाज ओळखला मी."

आम्हा बहिणींचा आवाज अगदी सारखा, फोनवर आईसुद्धा फसायची. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि दाजींनी माझ्याकडे पाहिलं. हात जोडले नव्हते, एवढंच. "हो, मीच," मी म्हणाले. असा संताप आला होता की तिथून उठून चालू लागावंसं वाटलं. जिच्या जाण्याने माझी झोप उडाली होती, तिचंच सोंग आता मी घ्यायचं?

"आमच्याकडे निवडायचं काही नसतं," आचारी सांगू लागला. "मी देत जाणार, तुम्ही खात जायचं. पोट भरलं की 'पुरे' म्हणायचं. तोवर मी थांबत नाही." निवडायचं नाही म्हटल्यावर दाजींचे खांदे सैल पडले.

पहिली काडी मांडीच्या तुकड्यांची आली. दाजींनी तोंडात घातली आणि चावू लागले. मी माझी खाल्ली, तर अगदी अळणी. "अहो, मीठ विसरलात," मी म्हणाले.

"विसरतो कसा? तुम्हीच बजावलं होतं, माझ्या काडीला मीठ लावू नका, प्रेशर आहे."

ताईच्या पथ्याच्या जेवणाला मी जन्मभर हसले होते, दवाखान्यातली लापशी म्हणायचे. आता तोच घास माझ्या तोंडात फिरत होता आणि गिळवत नव्हता. डोळ्यांतून पाणी यायला धुराचं निमित्त आयतंच होतं.

दाजी मात्र खात होते. कातडी खाल्ली, पंख खाल्ले, छातीजवळचं कुरकुरीत हाड खाल्लं, गोडसर काळ्या रसात बुडवलेली कांद्याची पातसुद्धा सोडली नाही. इतक्या दिवसांनी त्यांचा जबडा हलताना बघून मला इतकं बरं वाटलं की मी आचाऱ्याला मनातल्या मनात आशीर्वाद दिले. मग कलेजी आली, आणि लगेच पुन्हा कलेजीच आली.

"बाईंची खास फर्माईश," आचारी माझ्याकडे बघून म्हणाला. "ह्यांना कलेजी दोनदा."

ताईला कलेजीचा वास सहन होत नसे. लग्नापासून तिने ती घरात शिजवली नव्हती आणि दाजींनी कधी मागितली नव्हती. "मला बोलली नाही," ते पुटपुटले आणि दुसरी काडी त्यांनी फार हळू खाल्ली.

शेजारचे लोक एकेक करून पुरे म्हणाले आणि उठून गेले. दाजी म्हणाले नाहीत. उपाशी राहून आक्रसलेलं ते पोट, त्यात किती मावणार? त्यांच्या कपाळावर घाम आला, घास पाण्याबरोबर ढकलावा लागू लागला. तरी काडी पुढे आली की हात जायचाच.

"दाजी, बास करा आता," मी हळूच म्हणाले.

"अजून संपलं नाही."

"काय संपायचंय?"

"तिने ठरवलेलं," ते म्हणाले. "एवढंच उरलंय ना. यापुढे तिने ठरवलेलं काही नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना भूक लागलेलीच नव्हती. ते जेवायला आलेच नव्हते. मी आनंदाने टक लावून बघत बसले होते ते सगळं उलटंच होतं. आता खाऊ द्यावं तर माणूस इथंच कोसळेल, थांबवावं तर ताईची शेवटची संध्याकाळ माझ्याच तोंडून संपेल. मी त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं. आणखी काडी आली, आणखी एक आली.

शेवटी आचाऱ्यानेच पंखा खाली ठेवला आणि माझ्यापुढे वाकला. "बाई, मी मघापासून तुमची वाट बघतोय. तुम्हीच म्हणाला होतात, ह्यांना पुरे म्हणता येत नाही, मी सांगेन तेव्हा थांबा."

दाजींच्या हातातली काडी हवेतच राहिली. त्यांनी माझ्याकडे बघून बारीकशी मान हलवली. नको, म्हणत होते.

"पुरे," मी म्हणाले.

हुबेहूब ताईचा आवाज निघाला. माझ्याच अंगावर काटा आला. दाजींनी काडी निमूट खाली ठेवली, आयुष्यभर ठेवत आले तशीच.

आचाऱ्याने दोघांपुढे कोंबडीच्या हाडांच्या गरम सुपाचे वाडगे ठेवले. तो खुशीत होता. "पुढची तारीख धरू का? आत्ता सांगितलंत तर जागा मिळेल."

"हिला विचारून सांगतो," दाजी म्हणाले.

सवयीनेच म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची मान माझ्याकडे वळली. आचारीही हसत माझ्याकडे वळला. दाजींनी माझ्या चेहऱ्यावर नीट बघितलं. मग त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की मी तसा कुणाचाच कधी ऐकला नव्हता. वाडगा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, तरी त्यातलं सूप सांडत राहिलं. आचारी हातात पेन घेऊन माझ्या उत्तरासाठी थांबला होता.