गुलालाने मेलेली बॅटरी

आमच्या घरात माझ्या गुडघ्यांपेक्षा गाडीची बॅटरी जास्त जपली जाते. हे मी रागात लिहिते आहे, आणि राग ओसरायची वाट बघत बसले असते तर लिहिलंच नसतं. बोलताना मी नवऱ्याला अहो-जाहो करते. लिहिताना ‘तो’ म्हणणार आहे. तीसेक वर्षांच्या संसारानंतर एवढी सूट मला मिळायला हरकत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. नोकरी उमापूरकडच्या वस्त्यांवर झाली, बरीचशी उभ्यानेच. निवृत्त झाले तोवर दोन्ही गुडघे कामातून गेले होते. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बदलावे लागतील आणि फार लांबवू नका. निवृत्तीच्या पैशांतला एक भाग मी त्यासाठी बँकेत वेगळा ठेवला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की हे माझ्या गुडघ्यांचे पैसे आहेत, त्यांना हात लावायचा नाही.

नवरा तालुक्याच्या राजकारणातला. एकदा पंचायत समितीवर निवडून आला, एकदा पडला, आणि तेव्हापासून पुढच्या तिकिटाकडे डोळे लावून बसलाय. अशा माणसाला एक वेळ जेवण नसलं तरी चालतं, गाडी मात्र लागते. पाच वर्षांपूर्वी त्याने हायब्रीड गाडी घेतली. पेट्रोलचं इंजिन आणि जोडीला एक मोठी बॅटरी. ब्रेक मारला किंवा उतार लागला की बॅटरी आपली आपण चार्ज होते, वायर लावावी लागत नाही. हे तो प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक मयतीला सांगायचा. “आवाज येतो का बघा,” म्हणायचा, “चालू हाय गाडी, चालू!” लोक कान देऊन ऐकायचे आणि माना डोलवायचे.

ही बॅटरी मागच्या सीटखाली असते. सीटच्या कडेला खाली तळहाताएवढी जाळी असते, आणि तिच्यातून गाडीतली गार हवा ओढून एक लहानसा पंखा बॅटरी थंड ठेवतो. आमच्यापैकी कुणालाही याचा पत्ता नव्हता. गाडीबरोबर जाडजूड पुस्तक आलं होतं. गाडीच्या पूजेत त्यालाही हळदकुंकू लागलं आणि ते डिकीत जाऊन पडलं. वाचणारी मी घरातच होते. मला कुणी ते दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

आता गुलालाचं सांगते. आमच्याकडे सरपंच निवडून येवो, सोसायटीचा चेअरमन होवो की कुणाच्या पोराची पोलिसात भरती होवो, जेसीबीच्या खोऱ्यातून गुलाल उधळतात. मिरवणुकीत नवऱ्याची गाडी पुढे, काचा खाली, आणि तो अर्धा बाहेर. गाडी घरी यायची ती आतून लाल होऊनच. सीटवरचे पांढरे टॉवेल झटकायला ड्रायव्हर पुढे झाला की नवरा त्याला थांबवायचा. “ऱ्हाऊ दे थोडा. कुठं गेलतो ते कळलं पायजे लोकांला.” राहिलेला गुलाल पायाखालच्या मॅटवर, टॉवेलात, फटीफटीत बसायचा आणि सीटखालचा पंखा त्याला मुकाट्याने आत ओढत राहायचा.

आवाज पहिल्यांदा मला ऐकू आला, कारण मागे मी बसते. जुनी पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तशी घरघर कमरेजवळून यायची. मी सांगितलं तर म्हणाला, “तुला काय कळतंय गाडीतलं? एसीचा आवाज हाय त्यो.” ड्रायव्हर पन्नाशीचा, समजूतदार माणूस. त्यानेही सांगून पाहिलं. त्याला उत्तर मिळालं, “गप बे, स्टेरिंग सांभाळ.”

ऐन उन्हाळ्यात गेवराईच्या पुढे हायवेवर लाल दिवा लागला आणि गाडी धाप लागल्यासारखी चालायला लागली. गेवराईच्या मिस्त्रीला मागच्या बॅटरीचं काही माहीत नव्हतं. त्याने सगळ्या गाड्यांत असते ती छोटी बॅटरी बदलली. दोन दिवस दिवा विझला, तिसऱ्या दिवशी पुन्हा लागला. शेवटी गाडी संभाजीनगरच्या एका वर्कशॉपला न्यायचं ठरलं. मीही निघाले, कारण त्याच शहरात माझे डॉक्टर आहेत आणि त्या दिवशी ऑपरेशनची तारीख पक्की करायची होती.

मेकॅनिकने मागची सीट उचलली, पंखा सोडवला आणि वर्तमानपत्रावर झटकला. मूठभर गुलाल पडला, टॉवेलाच्या लवेत गुंतून गोळे झालेला. “हे काय आहे साहेब?” त्याने विचारलं. नवऱ्याने चष्मा काढला आणि पुसत बसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

मेकॅनिकने शांतपणे समजावलं. ही बॅटरी आठ-दहा वर्षं सहज जाते, सांभाळली तर जास्तही. पण तापत राहिली की तिचं आयुष्य झपाट्याने सरतं. हमी आठ वर्षांची आहे, पण ती बॅटरीतल्या दोषाची. गुलालाने तिचं नाक बंद झालं असेल तर कंपनी हात वर करणार. नवी घालायची तर चार लाखांच्या वर जाईल. दुसरा रस्ता म्हणजे आतले मेलेले सेल तेवढे बदलून देणारा एक कारागीर शहरात होता. खर्च पाव, पण वर्ष-दोन वर्षांच्या पुढची खात्री नाही.

“तेच करा,” मी म्हणाले.

“अन् रस्त्यात बंद पडली तर? लोक फोटो काढतेल. कशापायी हसं करून घ्यायचं?” नवरा म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुझे पैसे हायेत की बँकेत. गुडघे काय पळून चाललेत का? निवडणूक होऊ दे, लगेच करू.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर चार परकी माणसं उभी होती आणि त्यांच्यापुढे याचा पाणउतारा नको, असं मला वाटलं. मला! साठ पोरांचा वर्ग नुसत्या नजरेवर गप्प करणारी मी, मूग गिळून बसले. चेकवर सही मीच केली, हे लपवत नाही. नवऱ्याइतकाच राग मला त्या सहीचा येतो. डॉक्टरांकडे गेलेच नाही.

नवी बॅटरी बसली आणि तिची बडदास्त सुरू झाली. गाडी उन्हात उभी करायची नाही. जाळीजवळ पिशवी ठेवायची नाही. दर पंधरा दिवसांनी ड्रायव्हर मऊ ब्रशने जाळी साफ करतो आणि नवरा शेजारी उभा राहून बघतो. मेकॅनिकचा शब्द न् शब्द त्याला पाठ आहे. माझ्या डॉक्टरांचं एकही वाक्य त्याला आठवत नाही.

मागच्या महिन्यात नारायणगडाला दर्शनाला गेलो. गाडी वरपर्यंत जाते, पण त्याने खालीच एका कडुलिंबाच्या झाडाखाली थांबवायला लावली.

“मला वर सोडून गाडी खाली आणू द्या,” मी म्हणाले.

“वर लई गर्दी हाय. उन्हात अडकली तर तापल ती. चाल की हळूहळू, दोन पावलं तर हाय.” कार्यकर्ते हार घेऊन वाट बघत होते. तो पुढे निघून गेला.

मी वीस-पंचवीस पावलं गेले असेन. उजवा गुडघा असा काही आवळला, की डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी मागे फिरले आणि झाडाजवळच्या दगडावर बसले. थोड्या वेळाने फोन आला. “कुठं हायस? सगळे विचारायलेत.” म्हटलं, मला चालवत नाही. तिकडे त्याने कुणाला तरी हसत सांगितलेलं मला ऐकू आलं, “घरचे रुसलेत आमचे.” मग मला म्हणाला, “बरं, तिथंच बस. अन् ड्रायव्हरला सांग, सावली सरकली आसंल, गाडी मागं घे म्हणावं.”

मी सांगितलं नाही. तापू दे, म्हटलं. ड्रायव्हर पलीकडे तंबाखू मळत बसला होता. ऊन बॉनेटवरून काचेवर आलं, छतावर चढलं, मागच्या काचेकडे सरकायला लागलं. मी बघत बसले, आणि बघताना बरंही वाटत होतं.

मग ध्यानात आलं, की त्या सीटखाली आहे ते माझंच ऑपरेशन आहे. दुसरं आता कुठेच नाही. मी ड्रायव्हरला हाक मारली आणि गाडी सावलीत घ्यायला सांगितली.