आधी-मग बाई

आमच्या बाई बशीत आधी बिस्किटं मांडायच्या, मग चहा गाळायच्या. काहीही विचारलं की त्यांचा उलट प्रश्न ठरलेला: "आधी काय, मग काय?" म्हणून त्यांच्या हाताखाली गणितात पीएचडी करणाऱ्या आम्हा पोरींनी त्यांचं नाव 'आधी-मग बाई' ठेवलं होतं. एकीने सिद्धतेच्या पायऱ्या उलट्यापालट्या लिहून आणल्या, तेव्हा म्हणाल्या, "अहो, आधी बूट आणि वरून मोजे घालून स्वारगेटपर्यंत जाऊन दाखवा. मग बोलू."

यात नुसता खवचटपणा नव्हता. आमचा विषयच तसा. अणूंची लांबच लांब साखळी, प्रत्येक अणूपाशी एका संख्येऐवजी संख्यांचा गठ्ठा आणि ते गठ्ठे जोडणाऱ्या मॅट्रिक्स, म्हणजे संख्यांचे चौकोनी तक्ते. या साखळीला कोणत्या ऊर्जा चालतात, तो वर्णपट शोधायचा. साध्या संख्या असत्या तर तीन पंचे पंधरा नि पाच त्रिक पंधरा. मॅट्रिक्सच्या जागा बदलल्या की गुणाकारच बदलतो.

माझा अख्खा प्रबंध बाईंच्या एका जुन्या सिद्धांतावर उभा होता. चौथ्या वर्षी त्याची सिद्धता पुन्हा वाचताना दिसलं, एका ओळीत दोन मॅट्रिक्सची अदलाबदल झाली होती. तीनदा तपासलं. चूक खरीच होती. माझी चार वर्षं पाण्यात, आणि बाईंना सांगणार कोण? ती ओळ कागदावर उतरवून वारज्याला त्यांच्या घरी गेले.

बाईंनी कागद वाचला. उठल्या आणि चहा घेऊन आल्या. बिस्किटं विसरल्या होत्या. मला रडूच आलं.

"अहो, रडताय काय? चूक माझी आहे. माझ्या वाटचं तुम्ही कशाला रडताय?"

मग आठ महिने आम्ही दोघी ती सिद्धता सांधत बसलो. सिद्धांत थोडा आखडला, पण टिकला. माझा प्रबंधही टिकला. दुरुस्तीचा लेख छापायला पाठवताना बाईंनी माझं नाव वर घातलं. मी नको नको म्हटलं.

"आधी जिला चूक दिसली ती, मग जिने केली ती."

गेल्या वर्षी बाई गेल्या. वयाने आधी त्याच, तेव्हा क्रम बरोबरच आहे, असं त्या म्हणाल्या असत्या. मला तो अजून पटलेला नाही.