मॅट नानांच्या कूलरवरची चिठ्ठी

मॅट नानांना चमकणाऱ्या वस्तूंचा राग होता आणि मला मॅट नानांचा. धुळ्यात त्यांची कार्यशाळा होती, मी तिथे कामाला होते. कारखान्यांची, घरांची, देवळांची छोटी मॉडेल्स तिथे बनायची. रंगवलेल्या मॉडेलवर ट्यूबलाइट एवढीशी चमकली तरी नाना पॉलिशपेपर घेऊन घासत सुटायचे. बिनचमकीचं, म्हणजे मॅट, तेवढंच त्यांना चालायचं, म्हणून ते नाव. "भिंत काय तेल लाईसन बठस का?" हे वाक्य मी तीन वर्षं ऐकलं. पहिले काही दिवस हसले, नंतर दातओठ खाल्ले.

नाना खडूस होते म्हणणं म्हणजे त्यांच्यावर उपकारच. नरडाण्याच्या एका कारखान्याच्या शेडचं मॉडेल मी आठ दिवस खपून रंगवलं. नानांनी छपरावर बोट फिरवलं, बोटाला खरखर लागली आणि त्यांनी कारण न सांगता सगळं छप्पर थिनरनं पुसून टाकलं. फवारा लांबून मारला की आपल्याकडच्या उन्हात रंग हवेतच वाळतो आणि पिठासारखा खाली बसतो, हे तिसऱ्यांदा पुसल्यावर माझं मलाच कळलं. सांगायला त्यांचं काय जात होतं? पण नाना शिकवायचे नाहीत. चहाची बशी तोंडाला लावून दुसऱ्याच्या चुका बघायचे.

त्या वर्षी भडगावला आमच्या वस्तीत नवा बुद्धविहार बांधायचं चाललं होतं. आराखडा माझी मुलगी करेल, असं वडील बैठकीत छातीठोकपणे सांगून बसले. लोक कुजबुजले. मग ठरलं, पोरीनं मॉडेल आणावं. पसंत पडलं तर ठीक, नाहीतर बाहेरचा माणूस बघू. बैठकीच्या आदल्या दुपारी माझं मॉडेल तयार होतं, फक्त मॅट वार्निशचा शेवटचा हात बाकी होता. मे महिना, अंगातून घामाच्या धारा. मी कूलरसमोर बसून फवारा मारला. नाना खुर्चीत बसून बघत होते.

पाच मिनिटांत घुमटावर बुरशी आल्यासारखा पांढरा थर चढला, मग भिंतींवर, मग पायऱ्यांवर. नाना सावकाश उठले, कूलर बंद केला आणि म्हणाले, "कूलरनी हवा वल्ली ऱ्हास. त्यामा मॅट पांढरं पडस."

"नाना, कूलरच्या ओल्या हवेचं तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"माहित व्हतं. पन सांगेल गोट ध्यानमा ऱ्हात नही. मानूस बिघाडीसन शिकस."

उद्या चारचौघांत वडिलांची मान खाली जाणार होती आणि हे मला सुविचार ऐकवत होते. त्या क्षणी हातातली बाटली त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. चपला घालता घालता त्यांनी उपाय सांगितला. ज्याला जन्मभर शिव्या घातल्या, तेच चकचकीत वार्निश त्या पांढऱ्या थरावर मारायचं आणि ते वाळलं की पुन्हा मॅटचा पातळ हात. मदतीला काही ते थांबले नाहीत. मी कूलर बंद ठेवून घामाघूम होत काम केलं. पांढरा थर जिरला, विहार तुपात बुडवल्यासारखा चकाकला आणि पहाटे मॅट मारल्यावर ती चमकही गेली. बैठकीत शेजारच्या अक्कांनी भिंतीवरून हात फिरवला. "हाई ते खरी भिंत वाटस," त्या म्हणाल्या. वडील माझ्याकडे न बघता नुसतं नाक पुसत राहिले.

विहार माझ्याच आराखड्यावर उभा राहिला. याचं श्रेय नानांना देणारे लोक मला भेटतात. मी देत नाही. एका वाक्यात सांगता येणाऱ्या गोष्टीसाठी त्यांनी माझ्या बापाची अब्रू पणाला लावली होती.

बैठकीहून धुळ्याला परत आल्यावर मी कूलरवर चिठ्ठी चिकटवली: 'फवारा मारण्याआधी बंद करा.' नानांनी ती फाडली. मी दुसरी लावली, त्यांनी तीही फाडली. असं पुढचे दोन उन्हाळे चाललं. मग दिवाळीच्या सुमारास नाना गेले.

कार्यशाळा आता मी चालवते. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कूलरचं सांगते. तो मान डोलावतो आणि चार दिवसांनी कूलरसमोर बसूनच फवारा मारतो. चिठ्ठी आता कोणी फाडत नाही, कोणी वाचतही नाही. गेल्या मे महिन्यात एकानं आख्खं मॉडेल पांढरं केलं, तेव्हा संतापून मीच ती फाडली. मग बशीमागचा नानांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. संध्याकाळी नवी चिठ्ठी लिहिली आणि चारही कोपऱ्यांना टेप लावून घट्ट चिकटवली. मेल्यावर तरी त्यांना जिंकू देणार नाही.